झारच्या रशियातून पळालेल्या विगवाल्यामुळे मेकअप क्रीमच्या डबीत आला

शिमरवालं क्रीम आयशॅडो घेताना सगळे तीनच गोष्टी बघतात. डबीत दिसतो तोच रंग पापणीवर दिसतो का? बोटाने लावलं तर एकसारखं पसरतं का? आणि रिसेप्शन संपेपर्यंत टिकतं, की तासाभरात पापणीच्या घडीत गोळा होऊन बसतं?

रंग, पोत आणि टिकाऊपणा. या तीन प्रश्नांच्या मागे एका माणसाने अख्खं आयुष्य घालवलं. त्याचं नाव मॅक्स फॅक्टर.

आज हे नाव लिपस्टिक आणि मस्काऱ्यावर छापलेलं असतं, म्हणून ती फक्त कंपनी आहे असं वाटतं. पण मॅक्स फॅक्टर हा खराखुरा माणूस होता आणि त्याची सुरुवात मेकअपने नाही, तर विगने झाली होती.

मूळ नाव मॅक्सिमिलियन फाक्टोरोविच. जन्म 1870 च्या दशकातला, आजच्या पोलंडमधल्या एका गरीब ज्यू कुटुंबात. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता. घरात खाणारी तोंडं भरपूर आणि कमाई तुटपुंजी, त्यामुळे शाळा वगैरे लांबच राहिली. आठ-नऊ वर्षांचा असतानाच पोरगा कामाला लागला. आधी औषधांच्या दुकानात, मग विग बनवणाऱ्याच्या हाताखाली. एका ठिकाणी मिश्रणं कशी करायची ते कळलं, दुसऱ्या ठिकाणी माणसाचा चेहरा कसा बदलायचा ते कळलं. पुढचा सगळा धंदा या दोन गोष्टींवर उभा राहिला.

मॉस्कोत काम शिकून, सैन्यातली नोकरी संपवून त्याने रियाझान गावात स्वतःचं दुकान टाकलं. विग, रूज, क्रीम असा सगळा माल तो हाताने बनवायचा. तिथून जाणाऱ्या एका नाटक कंपनीने त्याचे विग घेतले, ते उमरावांच्या नजरेत भरले आणि फॅक्टरला थेट शाही रंगभूमीचं काम मिळालं.

ऐकायला भारी वाटतं, पण हा सोन्याचा पिंजरा होता. दरबारी माणसांवर सतत नजर असायची. त्याने लग्नही लपूनछपून केलं होतं, मुलं झाली तीही लपवून ठेवावी लागली. त्यात साम्राज्यात ज्यूंवरचे हल्ले वाढत चालले होते.

त्याच्या सुटकेचा किस्सा कायम सांगितला जातो. फॅक्टरने चेहऱ्याला पिवळसर रंग लावला आणि कावीळ झाल्याचं सोंग केलं. हवापालटासाठी सुट्टी मिळाली आणि त्या सुट्टीतूनच गडी बायकापोरांसकट निसटला. 1904 मध्ये तो जहाजाने अमेरिकेत पोचला.

तिथेही नशीब लगेच उघडलं नाही. सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्याने माल विकायला ठेवला, तर भागीदारच पैसे आणि माल घेऊन पसार झाला. 1906 मध्ये बायको गेली. इंग्रजी धड येत नव्हतं आणि पदरात लहान मुलं होती. तेवढ्यात कानावर आलं की लॉस एंजेलिसमध्ये हलत्या चित्रांचा नवा धंदा सुरू झालाय. 1908 मध्ये फॅक्टर तिकडे गेला आणि वर्षभरात नाटकवाल्यांना विग आणि रंग पुरवणारं दुकान उघडलं.

आता मुद्दा येतो क्रीमचा.

तेव्हाचे नट नाटकातला जुना रंगच सिनेमासाठी लावायचे. चरबीत कालवलेल्या रंगाची ही कांडी असायची. ती चेहऱ्यावर जाड थापायची, वरून पावडर मारायची. नाटकात प्रेक्षक लांब बसलेला असतो, त्यामुळे चालून जायचं. पण कॅमेरा नाकासमोर आला आणि पंचाईत झाली. नट हसला की थराला भेगा पडायच्या आणि पडद्यावर त्या भेगा मोठ्या होऊन दिसायच्या.

फॅक्टरने 1914 मध्ये यावर तोडगा काढला. कांडीच्या जागी पातळ क्रीम, 12 छटांमध्ये, डबीत भरलेलं. थर पातळ असल्यामुळे तो चेहऱ्याबरोबर हलायचा, त्याला तडे जायचे नाहीत. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांच्यासारखे विनोदी नट सुरुवातीच्या गिऱ्हाइकांमध्ये होते आणि त्यात नवल नाही. ज्यांचं पोट चेहरा वेडावाकडा करण्यावर चालतं, त्यांना न फुटणारा रंग सगळ्यात आधी लागणार.

पोताचा प्रश्न सुटला, पण रंगाचा बाकी होता.

त्या काळातल्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नव्हता. गुलाबी गाल पडद्यावर काळपट दिसायचे आणि निळे डोळे पांढुरके. त्यामुळे समोर जे चांगलं दिसतं ते पडद्यावर चांगलं दिसेलच असं नव्हतं. नटांना पिवळट, हिरवट रंग फासून उभं राहावं लागायचं. 1920 च्या दशकाच्या शेवटी सगळे रंग टिपणारी फिल्म आली, दिवेही बदलले आणि जुना मेकअप एका झटक्यात बाद झाला. फॅक्टरने परत प्रयोगशाळेत बसून नव्या फिल्मसाठी नवी मालिका बनवली.

यातून त्याला उमगलेली गोष्ट साधी होती. रंग डबीत नसतो. त्वचा, प्रकाश आणि बघणारा डोळा किंवा कॅमेरा, हे तिन्ही मिळून तो ठरवतात.

सिनेमाबाहेरच्या बायकांसाठीही त्याने हाच विचार लावला. 1916 च्या सुमारास त्याचं आयशॅडो आणि भुवयांची पेन्सिल सामान्य गिऱ्हाइकाला मिळू लागली. तेव्हा अमेरिकेत चेहरा रंगवणारी बाई म्हणजे नटी किंवा वाईट चालीची, असा समज होता. फॅक्टरने 1920 मध्ये आपल्या मालाला सरळ मेकअप म्हणायला सुरुवात केली. नाटकवाल्यांच्या तोंडचा हा शब्द घराघरात रूढ होण्यात त्याचा मोठा हात होता. केस, डोळे आणि त्वचा बघून पावडर, रूज आणि आयशॅडोचे रंग जुळवून द्यायचे, ही कल्पनाही त्याने लोकांच्या गळी उतरवली.

डोळ्यांच्या मेकअपचं आपल्याला मात्र अप्रूप नव्हतं. आपल्या आज्या तांब्याच्या भांड्यावर काजळी धरायच्या आणि ती तुपात खलायच्या. स्निग्ध पदार्थात रंगाची पूड, म्हणजे तत्त्व क्रीम आयशॅडोचंच. आणि रोगही तोच, कारण तूप वितळलं की काजळ पसरतं.

आता चमक. फॅक्टरचं चमकीशी नातं मजेशीर होतं. मार्लिन डीट्रिखच्या विगवर झळाळी यावी म्हणून त्याने खऱ्या सोन्याचा भुगा टाकल्याचा किस्सा हॉलिवूडमध्ये प्रसिद्ध आहे. पण टेक्निकलरचे रंगीत सिनेमे आले आणि हीच चमक त्याच्या मुळावर उठली. क्रीमसारख्या रंगाला किंचित तकाकी असायची. शेजारी लाल पडदा असला की ती तकाकी लाल रंग उचलायची आणि नटीचा गाल लालभडक दिसायचा.

मग पॅनकेक तयार झाला. ही दाबून बसवलेली रंगाची वडी ओल्या स्पंजने लावायची, वाळली की अजिबात चमकत नाही. या कामात मुलगा फ्रँकचा वाटा मोठा होता. 1937 मध्ये तो पडद्यावर दिसला आणि सेटवरून पॅनकेकच्या डब्या गायब व्हायला लागल्या, कारण नट्या त्या घरी न्यायच्या.

पुढे हा पॅनकेक भारतातही पोचला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तो ट्रकच्या ट्रक भरून यायचा, अशी आठवण तमिळ लेखक अशोकमित्रन यांनी लिहून ठेवलीय. सीबीएसईच्या बारावीत ज्यांनी तो धडा वाचलाय, त्यांना चांगलाभला माणूस या मेकअपने कसा भयाण दिसायचा तेही आठवत असेल.

फॅक्टरच्या कामाची ही दुसरी बाजू. 1935 मध्ये त्याने हॉलिवूडमध्ये आलिशान सलून उघडलं. सोनेरी, लाल, तपकिरी आणि गडद केसांच्या बायकांसाठी चार वेगवेगळ्या रंगांच्या खोल्या केल्या. त्याआधी चेहऱ्याची मोजमापं घेणारं एक लोखंडी यंत्रही बनवलं होतं. एवढा बारकावा होता, पण त्याच्या केंद्रस्थानी गोरी त्वचाच होती. सावळ्या चेहऱ्याला नैसर्गिक दिसेल अशी छटा मिळायला पुढे कित्येक दशकं जावी लागली.

1938 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना पॅरिसमध्ये त्याला खंडणीच्या धमकीची चिठ्ठी आली. त्या धक्क्याने तब्येत ढासळली आणि त्याला अमेरिकेत परत आणलं गेलं. 30 ऑगस्ट 1938 ला बेव्हर्ली हिल्समध्ये त्याचा मृत्यू झाला. फ्रँकने स्वतःचं नाव बदलून मॅक्स फॅक्टर ज्युनिअर केलं आणि धंदा पुढे चालवला. नंतर कंपनी घराण्याबाहेर गेली. सलूनच्या इमारतीत आज हॉलिवूड म्युझियम आहे.

त्याचे तीन प्रश्न मात्र अजून तसेच आहेत, फक्त उत्तरं बदललीत. टिकाऊपणासाठी आजच्या क्रीम आयशॅडोत उडून जाणारे द्रव घालतात. लावल्यावर मिनिटभरात ते हवेत जातात आणि मागे रंगाचा लवचीक पापुद्रा उरतो. म्हणून पातळ थर लावून तो वाळेपर्यंत डोळे फार मिचकवू नयेत. जाड थर घडीत फुटतोच, 1914 च्या आधीच्या नटांसारखा.

चमक येते अभ्रकातून. त्याच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिला की प्रकाश परतताना मोत्यासारखी झळाळी दिसते. यातला बराच अभ्रक झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून येतो आणि तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुलं राबत असल्याचं वारंवार उघड झालंय. त्यामुळे अभ्रक कुठून आणला, हा प्रश्न विचारायला गिऱ्हाइकाने लाजू नये.

रंगाबाबत तर फॅक्टरचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली मनगटावर घासून बघितलेला रंग घरी वेगळा दिसला, तर दरवेळी दोष डबीचाच असेल असं नाही. आयशॅडो घेताना ते पापणीवर लावून बाहेर उन्हात जाऊन बघा, मग फोनचा कॅमेरा सुरू करून बघा. दोन्हीकडे आवडलं तरच पैसे द्या.