नटवर्य कै. केशवराव दाते

मुलगा नाटकात गेला म्हणजे घराला मुकला, असे ज्या काळी आपल्या घरांतून मानले जाई, त्या काळी केशवराव दाते यांनी रंगभूमीची वाट धरली. त्यांचा जन्म १८८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे झाला. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांची उमेदवारी झाली. आरंभी त्यांच्या वाट्यास स्त्रीभूमिका आल्या, मागाहून पुरुषभूमिका. मंडळीची नाटके गद्य होती. गाण्याचा आधार नसल्याने शब्द आणि मुद्रा एवढेच नटाचे भांडवल. ते केशवरावांनी कष्टाने जोडले आणि १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात त्याचे चीज झाले.

त्याच वर्षी ‘प्रभात’ कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. पुढील वर्षीच्या ‘अमृतमंथन’मध्ये मराठीत राजगुरू झाले केशवराव, हिंदीत चंद्रमोहन.

परंतु आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते १९३७ च्या ‘कुंकू’विषयी. जरठ-कुमारी विवाहावर देवलांनी १८९९ मध्येच ‘शारदा’ नाटकाद्वारे आघात केला होता. त्यातील म्हाताऱ्या वराला प्रेक्षक हसत आणि निश्चिंत मनाने घरी जात. केशवरावांच्या काकासाहेबांना मात्र हसून सुटका नव्हती. हा वर प्रतिष्ठित वकील, मोठ्या मुलांचा बाप. आपल्याच आळीत भेटावा असा गृहस्थ. फसवून लग्न लावलेली नीरा त्याला पती मानण्याचे साफ नाकारते. मिशांना कलप लावणारा हा मनुष्य प्रथम आपल्याला संताप आणतो. हळूहळू आपल्या हातून घडलेला अन्याय त्याला उमगतो, आणि अखेर तिला मुक्त करण्यासाठी तो प्राणत्याग करतो. केशवरावांनी या मनुष्यास राक्षस केले नाही, तसे त्याच्या अपराधावर पांघरूणही घातले नाही. सज्जन म्हणविणाऱ्या कुटुंबप्रमुखाच्या हातूनही केवढा अन्याय घडतो, हे त्यांनी केवळ मुद्रेने दाखविले. शांता आपट्यांच्या तेजस्वी नीरेइतकेच श्रेय म्हणूनच त्यांना द्यावयास हवे.

पुढे ‘शेजारी’त (१९४१) हिंदु-मुसलमान मित्रांच्या कथेत ते जिवबा झाले. १९४४ साली त्यांनी ‘भक्तीचा मळा’ दिग्दर्शित केला. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मध्ये ते नृत्यगुरू मंगल महाराज होते. नायकाचा मान त्यांनी पडद्यावर कधी मागितला नाही. बाप, गुरू, शेजारी अशा भूमिकांतच त्यांनी प्राण ओतला. १९७१ साली ते निवर्तले.

‘प्रभात’च्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे. तेथून जाताना वाचकांनी या नटाचे स्मरण करावे. आणि घरी मुलीच्या विवाहाची बोलणी निघतील तेव्हा काकासाहेबांचे. तिला विचारल्यावाचून शब्द देऊ नये, हा त्यांच्या अभिनयाने दिलेला धडा आपण गिरविला, तर तीच या नटवर्यांस खरी आदरांजली होय.