मर्यादा पाळणारा सत्ताधीश : जेम्स मॅडिसन

अमेरिकेच्या राज्यघटनेचे जनक म्हणून गौरविले गेलेले जेम्स मॅडिसन यांचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियात झाला. देह कृश, आवाज क्षीण. परंतु व्यासंग दांडगा.

इ. स. १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे घटनापरिषद भरली. घटक राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार मध्यवर्ती विधिमंडळास असावा, असा मॅडिसन यांचा आग्रह होता. परिषदेने तो मानला नाही. हा पराभव त्यांच्या जिव्हारी लागला. तथापि संमत झालेल्या घटनेच्या समर्थनार्थ त्यांनी आपली लेखणी झिजविली. पुढे १७८९ साली त्यांनीच काँग्रेसपुढे घटनादुरुस्त्या मांडल्या. त्यांपैकी दहावी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. संघराज्यास न दिलेले व राज्यांस निषिद्ध नसलेले अधिकार राज्यांकडे अथवा जनतेकडे राहतील, असे तिने ठरविले.

खरी कसोटी पुढेच होती. १८०९ ते १८१७ या काळात मॅडिसन राष्ट्राध्यक्ष होते. कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवशी, ३ मार्च १८१७ रोजी, रस्ते व कालवे यांसंबंधीचे विधेयक त्यांनी नाकारले. ती कामे लोकहिताची आहेत, हे त्यांस मान्य होते. परंतु घटनेने तो अधिकार मध्यवर्ती सत्तेस दिलेला नाही, अशी त्यांची खात्री होती.

मॅडिसन यांनी आयुष्यभर गुलाम बाळगले व मृत्युपत्रानेही त्यांस मुक्त केले नाही, हा त्यांच्या चरित्रावरील मोठा डाग होय. २८ जून १८३६ रोजी त्यांचे निधन झाले.

हेतू चांगला असला तरी अधिकार नसेल तेथे हात आवरावा, हा त्यांच्या चरित्रातील बोध संस्था चालविणाऱ्या प्रत्येक ज्ञातिबांधवाने मनी धरण्याजोगा आहे.