नामदार गोखले आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब

ज्या राज्यात प्रजेने भरलेल्या पैशाचा हिशेब प्रजेस मिळत नाही, त्या राज्यात कर आणि खंडणी यांत नावापलीकडे भेद उरत नाही. हे तत्त्व सर्वांस मान्य असते. पण ते अमलात यावे म्हणून आकड्यांचे जाडे ग्रंथ उघडून बसण्याचे कष्ट फार थोड्यांस मान्य असतात. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील आमच्या वाचकांस याचा अनुभव घरबसल्या आहे. पिंपरी पेंढार हे गाव कल्याणहून माळशेज घाटाने नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. ओतूर व आळेफाट्याच्या बाजारांत येणारा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, शाळेस जाणारी मुले आणि मुंबईस चाकरीला निघालेला माणूस, या सर्वांचा भार रस्त्यावर व एस. टी.च्या गाडीवर आहे. कारण जुन्नर तालुक्यात आगगाडीचे एकही स्थानक नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की व्यापाऱ्याचा माल अडतो. रस्ता खचला की गावोगाव कुरकुर सुरू होते. परंतु त्या रस्त्यावर किती रुपये मंजूर झाले, किती खर्ची पडले व उरले ते कोठे गेले, हे विचारणारा शंभरांत एक तरी निघतो काय? असा प्रश्न विचारणे हेच ज्यांनी आपले आयुष्यकर्म मानले, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र या निमित्ताने वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी एका गरीब कुटुंबात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. मुलगा तेरा वर्षांचा असतानाच त्यांनी इहलोक सोडला. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणास पाठविले. एका रुपयात किती जेवणे होतात आणि दिव्याच्या तेलास किती लागते, हे ज्याने लहानपणी मोजले, त्यास पुढे कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात रयतेचा रुपया कोठे दडला आहे हे शोधणे अवघड गेले नाही, यात नवल नाही. 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. वकिलीची वा सरकारी नोकरीची वाट त्यांस मोकळी होती. ती सोडून ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन त्यांनी अल्प वेतनावर सुमारे दोन दशके विद्यादानात घालविली. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक शाळांतून बरेच चालले. गणिताच्या या शिक्षकाने पुढे सरकारासच हिशेबाचा धडा घातला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

हा धडा घालण्याची विद्या त्यांस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांजकडून मिळाली. 1887 च्या सुमारास जडलेला हा गुरुशिष्यसंबंध 1901 च्या जानेवारीत रानडे निवर्तले तोपर्यंत अखंड राहिला. सार्वजनिक सभेचे चिटणीस व तिच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून गोखले यांस सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके व लोकसंख्येचे तक्ते ओळीओळीने वाचावे लागत. लिहिलेला मजकूर रानडे पुनःपुन्हा तपासीत आणि एखादा आकडा संशयास्पद वाटला तर सारे लिखाण परत करीत. इतक्या कष्टाने तयार केलेल्या अर्जांस सरकारातून केवळ पोहोच येते, याचा तरुण शिष्यास विषाद वाटे. गुरूची समजूत निराळी होती. अर्ज वरकरणी सरकारास लिहिलेला असला तरी तो वस्तुतः लोकांस लिहिलेला असतो; आपल्या कारभाराचा विचार कसा करावा हे त्यातून लोक शिकतात, असे रानडे मानीत. गणेश व्यंकटेश जोशी हे दुसरे साहाय्यकर्ते. सरकारी शाळांत मुख्याध्यापकी करणाऱ्या या गृहस्थाइतका हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा जाणता त्या काळी क्वचितच कोणी असेल. त्यांनी पडद्याआड राहून पुरविलेल्या आकड्यांवर गोखल्यांची अनेक भाषणे उभी राहिली.

1897 साली या विद्येची पहिली मोठी परीक्षा झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्याकरिता लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कमिशनपुढे साक्ष देण्यास एकतिशीच्या उंबरठ्यावरील गोखले विलायतेस गेले. वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते. खर्च करणारे अधिकारी ज्यांचा पैसा खर्चतात त्यांस जबाबदार नाहीत, हे गोखल्यांनी तेथे लष्कर, विलायतेस पाठवावयाच्या रकमा व रेल्वे यांच्या उदाहरणांनी सोलून दाखविले.

रेल्वेचे उदाहरण तर आजही मनन करण्याजोगे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशी 1849 साली जो करार झाला, त्यात भागीदारांस भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिली व जमीनही फुकट दिली. धंदा नफ्यात गेला तर पाच टक्क्यांवरील फायद्यात सरकारास वाटा. तोट्यात गेला तर भरपाई मात्र येथील रयतेच्या करांतून. ज्या मालकास व्याज कधीच बुडत नाही, तो खर्चाकडे काटकसरीने कशास पाहील? हमीच्या या पद्धतीत उधळेपणास आळा राहत नाही, अशी साक्ष मॅसी या माजी अर्थसदस्यांनीच पार्लमेंटच्या समितीपुढे दिली होती. परिणाम असा झाला की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एकंदर रेल्वेचा व्यवहार सरकारी तिजोरीस तोट्याचाच ठरला. रेल्वे नको असे गोखले कधी म्हणाले नाहीत. पाटबंधारे, शाळा व गावांची पाण्याची सोय उपाशी ठेवून रेल्वेवर पैसा ओतण्याचा निर्णय कोण घेतो आणि त्याचा जाब कोणास देतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्याच विलायतच्या मुक्कामात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी स्त्रियांची विटंबना केल्याची वार्ता मित्रांच्या पत्रांतून त्यांस कळली व त्यांनी ती तेथे जाहीरपणे सांगितली. पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांस शक्य नव्हते व दुसरा पुरावा हाती आला नाही. परत येताच त्यांनी बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांस भित्रा म्हटले, परक्यांनी खोटारडा म्हटले. ही माफी योग्य की अयोग्य, हा वाद पुण्यात पुढे कित्येक वर्षे चालला. त्यात आज शिरण्याचे आम्हांस कारण नाही. मात्र या जखमेनंतर सिद्ध करता येणार नाही असा एकही शब्द सरकारविरुद्ध उच्चारावयाचा नाही, असा त्यांचा बाणा झाला आणि त्यांच्या पुढील टीकेस जी धार आली ती याच बाण्यामुळे. कारभाऱ्यांवर वाटेल तो आरोप करून मोकळे होणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी धरावा. पुराव्यावाचून केलेला एक आरोप पुराव्याच्या दहा आरोपांचे तेज घालवितो व खरा अपराधी त्याच धुरळ्यात निसटतो.

मुंबईच्या कायदेकौन्सिलात त्यांनी 1901 च्या जमीनमहसूल बिलास कसून विरोध केला आणि सर फिरोजशहा मेथांसह सभात्यागही केला. फिरोजशहांनी मोकळ्या केलेल्या जागी लवकरच त्यांची वरिष्ठ कायदेकौन्सिलात निवड झाली. या कौन्सिलाचे स्वरूप वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे. 1892 च्या कायद्याने सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा होती, पण मत देण्याचा अधिकार नव्हता. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले, अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. अशा ठिकाणी 26 मार्च 1902 रोजी गोखले अंदाजपत्रकावर पहिले भाषण करण्यास उभे राहिले. तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक पडली, ही देशाच्या भरभराटीची खूण होय, असे सरकार सांगत होते. गोखल्यांनी या शिल्लकेचे मूळ उकलून दाखविले.

विलायतेची देणी सोन्याच्या नाण्यात फेडावी लागत. रुपयाचा भाव घसरत घसरत 1894-95 च्या सुमारास तेरा पेन्सांपर्यंत आला; तो घसरत गेला तसतसे तीच देणी फेडण्यास अधिक रुपये लागू लागले. ही तूट भरण्याकरिता मिठावरील जकात वाढविली गेली, प्राप्तीवरील कर बसला, आयात मालावर जकात आली. टांकसाळी खासगी चांदीस बंद करून रुपयाचा भाव पुढे सोळा पेन्सांवर आणण्यात आला. तूट गेली, कर मात्र जागच्या जागी राहिले. दुकानदाराने माल महाग पडतो म्हणून भाव चढवावा आणि माल स्वस्त झाल्यावरही चढा भाव तसाच ठेवून गल्ल्यातील रक्कम ही गिऱ्हाइकांच्या संपन्नतेची खूण म्हणून दाखवावी, तसलाच हा प्रकार होता! आणि हे केव्हा? 1896-97 व 1899-1900 या दोन भयंकर दुष्काळांनी दख्खनची रयत हाडांस लागली होती तेव्हा.

भाषणानंतर मते पडली नाहीत, कारण ती पडावयाचीच नव्हती. परंतु उत्तर देणे सरकारास जड गेले. 1903 साली मिठावरील जकात मणास अडीच रुपयांवरून दोनावर आली आणि प्राप्तीवरील कराची माफी वार्षिक 500 रुपयांवरून 1000 रुपयांपर्यंत वाढली, जेणेकरून अनेक लहान व्यापारी व कारकून त्या करातून सुटले. 1905 साली जकात दीड रुपयावर व 1907 साली एक रुपयावर उतरली. याचे सारे श्रेय एका माणसास देणे न्यायाचे नव्हे. काँग्रेसने ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. तथापि ती मागणी सरकारच्याच आकड्यांतून सरकारपुढे मांडणारा माणूस गोखले होते, हे निर्विवाद आहे.

अपयशही त्यांच्या वाट्यास पुष्कळ आले. 1911 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण क्रमाक्रमाने सक्तीचे करण्याचे बिल आणले. खर्चाचा बोजा सरकार व स्थानिक संस्था यांत कसा वाटावा, हेही त्यांनी मांडले. मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते बिल पडले. पैसा नाही ही सबब त्या वेळी पुढे आली. ज्या रेल्वेस पैसा कधीच अपुरा पडला नव्हता, तिच्या शेजारी ही सबब ठेवून पाहावी. 1905 साली त्यांनी स्थापिलेला भारत सेवक समाज, त्याच वर्षी भूषविलेले काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद व 1912 ची दक्षिण आफ्रिकेची सफर हे सर्वश्रुत आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

एक लहान गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. 1902 साली गांधी कलकत्त्याहून निघाले, तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल स्वतः पाहण्याकरिता त्यांनी त्याच वर्गातून प्रवास करण्याचे ठरविले. गोखल्यांनी आधी ते हसण्यावारी नेले. पण हेतू कळताच त्यांनी फराळाचा डबा भरून दिला आणि स्वतः स्टेशनवर निरोप देण्यास गेले. बहुसंख्य उतारू ज्या वर्गाने जातात, त्या वर्गाच्या बाकावर बसल्यावाचून वाहतुकीच्या खर्चाचे खरे मूल्यमापन होत नाही, हे त्या हिशेबनिसाने ओळखले होते.

अतिश्रमाने व मधुमेहाने खचलेला त्यांचा देह 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात पडला. वय अवघे अठ्ठेचाळीस. ज्यांच्याशी त्यांचा जन्मभर वाद झाला, ते लोकमान्य टिळक स्मशानात त्यांच्या देशसेवेचा गौरव करण्यास उभे राहिले.

गोखल्यांच्या मार्गावर त्या काळी मोठा आक्षेप असा होता की ज्यांच्या हाती सत्ता नाही त्यांनी आकडे घोकून काय मिळवावयाचे? आक्षेप पोकळ नव्हता. सत्तेवाचून नुसता हिशेब पंगू राहतो, हे 1912 च्या मतदानाने दाखविले. परंतु आज प्रश्न उलटा झाला आहे. गोखल्यांपाशी डोळे होते, हात नव्हते. आम्हांस हात मिळाले आणि आम्ही डोळे मिटून बसलो आहोत!

एस. टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–नगर मार्गावर धावली. 1950 च्या कायद्यान्वये अशा महामंडळांच्या हिशेबांची तपासणी होते व ते विधिमंडळापुढे ठेवले जातात. ग्रामपंचायतीचा वार्षिक जमाखर्च आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मांडावा, असा कायदा आहे. 2005 पासून माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकास मिळाला आहे. दहा रुपयांच्या अर्जाने रस्त्याचे अंदाजपत्रक, ठेक्याची अट व मोजमापाची नोंद मागता येते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेल्या गोखल्यांसही जे कागद सहज मिळत नसत, ते आज आळेफाट्याच्या अडत्यास वा ओतूरच्या शिक्षकास मिळू शकतात.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मोठ्या गावी चार-पाच जाणत्या गृहस्थांनी व भगिनींनी, ज्यांत एक तरी व्यापारी व एक तरी शिक्षक असेल, दरवर्षी एकाच कामाचा हिशेब हाती घ्यावा: एक रस्ता, एक पूल किंवा एक बसस्थानक. कागद मिळवावे, काम प्रत्यक्ष मोजावे, आकडे पडताळावे आणि जे सिद्ध होईल तेवढेच ग्रामसभेत उभे राहून वाचावे. काम चोख झाले असेल तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. कारण प्रामाणिक अधिकाऱ्यास हिशेबाची भीती नसते, उलट त्याचा त्यास आधार वाटतो. आपल्या वहीतील एक पैचा फरक सापडेपर्यंत दिवा न मालविणारा व्यापारीवर्ग या तालुक्यांत पुष्कळ आहे. तीच सवय त्याने सार्वजनिक वहीस लावावी. गोखल्यांचे स्मारक पुतळ्यांनी व्हावयाचे ते झाले आहे; हे दुसरे स्मारक उभारणे आमच्या हाती आहे.