पेटीमागचा माणूस

संगीत नाटकाचा विषय निघाला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर बालगंधर्व उभे राहतात. भरजरी शालू, नाकात नथ आणि पहाटेपर्यंत चाललेले वन्समोअर! पण रंगमंचासमोर, प्रेक्षकांकडे पाठ करून पेटीवर बसलेला माणूस सहसा कुणाला आठवत नाही. मी चाळीस वर्षे पेटी वाजवतो आहे. सुरुवात केली तेव्हा आमचे शहर औरंगाबाद होते, आता छत्रपती संभाजीनगर झाले. पेटी तीच आहे. नाटकांबरोबर सारा मराठवाडा हिंडलो. त्यामुळे गोविंदराव टेंबे यांच्यात माझा जीव अडकला, यात नवल नाही.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचा. कोल्हापूर म्हणजे त्या काळी गाण्याचे माहेरघर. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई होता. भास्करबुवा बखल्यांचा सहवास गोविंदरावांना लाभला आणि बुवांच्या गाण्यामागे त्यांची पेटी वाजू लागली. पेटी हे परक्या मुलखातून आलेले वाद्य. तिचे स्वर ठरलेले. सारंगीसारखी मींड तिच्यातून निघत नाही. तरी अशा वाद्यातून त्यांनी गळ्याचे गाणे काढले. त्यांच्या नावाचा दबदबा झाला तो पेटीमुळेच.

मग आले १९११ साल. किर्लोस्कर नाटक मंडळी खाडिलकरांचे नवे नाटक ‘मानापमान’ बसवत होती. चाली देण्याचे काम गोविंदरावांकडे आले. आधीच्या नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनाच्या वळणाच्या चाली बऱ्याच असत. गोविंदरावांनी उत्तरेकडची ठुमरी, दादरा यांचा नखरा मराठी पदांत आणला आणि रागदारीची बैठक सुटू दिली नाही. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली होती, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकिगत घरोघर ठाऊक आहे. त्या रात्री ते गायले त्या चाली कुणाच्या, हे मात्र विचारावे लागते.

५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी मिळून ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. पेटीवाला आता मालकांपैकी एक झाला! एवढेच नव्हे, तोंडाला रंग लावून नायकाच्या भूमिकेतही उभा राहिला.

नाटक मंडळी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. ते एक चालतेबोलते गावच असे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी आणि कंपनीतच वाढणारी लहान मुले. एका गावी महिना-दोन महिने बिऱ्हाड टाकायचे, सकाळी तालमी, दुपारी एकत्र पंगत, खेळाच्या रात्री जागरण. गावातला उत्साह ओसरला की पडदे गुंडाळायचे, पेटारे भरायचे आणि आगगाडीने पुढचा मुक्काम गाठायचा. आमच्या शहराकडे यायचे तर मनमाडला मोठी गाडी सोडून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज धरावी लागे; म्हणजे सगळा बारदाना उतरवा आणि पुन्हा चढवा. १९९० च्या दशकापर्यंत हे दुखणे होते. मनमाडच्या फलाटावर थंडीत पेटी मांडीवर घेऊन मीही रात्री काढल्या आहेत.

एवढ्या माणसांच्या पोटाला रोज दोन वेळा लागते, मग खेळ होवो वा न होवो. पावसाने प्रयोग बुडाला, नायकाचा घसा बसला, तरी चूल पेटलीच पाहिजे. म्हणून कंपनीत गाण्याइतकाच हिशेब महत्त्वाचा. आमच्या एका दौऱ्यात ठेकेदाराने शेवटच्या तीन प्रयोगांचे पैसे बुडवले. तेव्हा मुख्य नटांना निदान हार तरी मिळाले. साथीदारांच्या वाट्याला परतीचे तिकीटही आले नाही. म्हणून वाजवणारा माणूस भागीदार झाला, याचे मोल मला फार वाटते.

ही भागीदारी मात्र टिकली नाही. काही वर्षांतच गोविंदराव बाहेर पडले; पुढे बोडसही गेले. बालगंधर्वांनी हौसेला कधी मोजमाप लावले नाही. उंची शालू, अत्तरे, तबल्यावर थिरकवाँसारखा उस्ताद! प्रेक्षक धन्य झाले आणि कंपनी कर्जात बुडाली. पण दोष एकट्या हौसेचा म्हणवत नाही. गोविंदरावांनी स्वतःची ‘शिवराज’ मंडळी काढली, तीही पुढे बंद पडलीच. दौऱ्यावरचा संसार चालवणे उत्तम कलावंतालाही जड जाते, हेच खरे.

गोविंदराव थांबले नाहीत. बोलपट आला आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये पन्नाशीचे गोविंदराव हरिश्चंद्र झाले. तारामती दुर्गा खोटे, दिग्दर्शक शांताराम आणि संगीत गोविंदरावांचेच. राज्य सोडून रस्त्यावर आलेला राजा करायला मंडळी गमावलेला मालक मिळाला, असे मला तो चित्रपट पाहताना वाटते.

शिवाय त्यांनी लेखणी धरली. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या पुस्तकांत आपल्या आठवणी लिहिल्या, अल्लादियाखाँचे चरित्र लिहिले. मैफलीत आणि कंपनीत आतून वावरलेल्या माणसाने तो काळ लिहून ठेवला, हे आपले भाग्य. टाळ्या त्याच रात्री विरतात. असे लिहिलेले तेवढे उरते.

१९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला तीसेक वर्षे गेली. १९५५ साली गोविंदराव वारले तेव्हाही ती उठलेली नव्हती. ज्यांनी या वाद्याला मान मिळवून दिला, त्यांच्या डोळ्यांदेखत ते रेडिओवरून हद्दपार झाले!

आजही गणेशोत्सवात, स्पर्धांत एखादी शाळकरी मुलगी ‘मानापमान’मधले पद धीटपणे गाते. निवेदक खाडिलकरांचे नाव सांगतो, बालगंधर्वांचे सांगतो. ते सांगायलाच हवे. त्यापुढे गोविंदराव टेंबे हे तिसरे नावही सांगावे, आणि मुलीच्या मागे पेटीवर बसलेल्याचेही, एवढीच आयोजकांना विनंती आहे.