दिव्यामागची विद्या : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका, एवढेच चित्र आपल्या मनात राहते. तिचे अधिक मोठे कार्य मात्र युद्ध संपल्यानंतरचे आहे.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी तिला घरीच उत्तम शिक्षण दिले. पण १८४५ मध्ये तिने रुग्णालयात जाऊन काम शिकण्याची इच्छा व्यक्त करताच घरातून कडाडून विरोध झाला. त्या काळी इंग्लंडातही हे काम हलके समजले जाई. तिने धीर सोडला नाही. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तिने सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले.

नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या धामधुमीत, ती ३८ परिचारिकांसह इस्तंबूलच्या उस्कुदार भागातील सेलिमिये बराकीत पोहोचली. तुर्कांची ही बराक तेव्हा इंग्रजांचे लष्करी रुग्णालय झाली होती. तेथे स्वच्छ कपडे, साबण, भांडी, पथ्याचे अन्न या सर्वांचीच वाण होती. तिने धुलाईची व स्वयंपाकाची व्यवस्था लावली. तरीही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली, कारण इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करविली, हवा खेळती केली. मग मृत्यू झपाट्याने घटले.

मायदेशी परतल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने आकडे तपासले. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. केवळ दयाभाव पुरत नाही, विद्या हवी, हे यातून स्पष्ट झाले.

लोकवर्गणीच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. जखम बांधणे, भाजलेल्याची शुश्रूषा, अशक्त रोग्याला नीट हलविणे, खोली हवेशीर ठेवणे, नाडी, श्वास व त्वचा यांतील बदल अचूक टिपणे हे सारे तेथे वर्षभर शिकविले जाई. पाहा, यांतील कशालाही महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो सराव. या शाळेत शिकलेली लुसी ऑसबर्न १८६८ मध्ये पाच सहकारी परिचारिकांसह थेट सिडनीला गेली आणि तिने तेथे हीच पद्धत रुजविली.

फ्लॉरेन्स स्वतः दीर्घकाळ आजारी होती. पुष्कळसे काम तिने घरूनच, पत्रे लिहून केले. १३ ऑगस्ट १९१० रोजी ती निवर्तली.

पालकहो, उद्या आपली मुलगी किंवा मुलगा परिचर्येचे शिक्षण घेऊ इच्छील, तेव्हा लोक काय म्हणतील याचा विचार करीत बसू नका. अपघाताच्या वेळी, डॉक्टर येईपर्यंतची पहिली काही मिनिटे शिकलेल्या हातांचीच असतात. ते हात आपल्या घरातून तयार होऊ द्या.