एक्स्प्लेनर : तारेच्या पिळातून सापडला कूलॉमचा नियम, किल्ले बांधणाऱ्या इंजिनीअरने वीज कशी मोजली?

दोन बिंदूप्रभारांमधील बल काढा, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. अंतर दुप्पट केले की बल एक चतुर्थांश होते, हेही पाठ असते. पण हा 'वर्ग' सूत्रात आला कुठून?

कोण होते कूलॉम?
शार्ल-ऑगस्टिन द कूलॉम यांचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील अंगुलेमचा. मेझिएर येथे लष्करी इंजिनीअरिंग शिकल्यावर १७६४ मध्ये त्यांना कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला पाठवण्यात आले. तिथे सुमारे आठ वर्षे गेली आणि तब्येत कायमची ढासळली. पण त्याच अनुभवातून लिहिलेला मातीच्या दाबाचा सिद्धांत सिव्हिलचे विद्यार्थी आजही शिकतात.

विजेकडे कसे वळले?
होकायंत्राची सुई अचूक कशी करावी, यावरील संशोधनासाठी १७७७ मध्ये त्यांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक विभागून मिळाले. टांगलेल्या सुईचा अभ्यास करताना त्यांचे लक्ष दोऱ्याच्या आणि तारेच्या पिळाकडे गेले. तारेला जितका पीळ जास्त, तितका तिचा उलट जोर जास्त. म्हणजे पिळाचा कोन मोजला की अगदी सूक्ष्म बलही मोजता येते.

प्रयोग काय होता?
१७८५ मध्ये त्यांनी चांदीच्या बारीक तारेला आडवी काडी टांगली. काडीच्या टोकाला एक हलकी गोळी, शेजारी दुसरी स्थिर गोळी. दोन्हींना सारखाच प्रभार दिल्यावर त्या ३६ अंश दूर गेल्या. अंतर १८ अंशांवर आणायला तारेला एकूण १४४ अंश पीळ लागला, म्हणजे चौपट. ८.५ अंशांसाठी ५७५.५ अंश, म्हणजे जवळपास सोळापट. अंतर निम्मे, बल चौपट : नियम हाती आला.

आजच्या गणितात तो कसा दिसतो?
१ मायक्रोकूलॉमचे दोन प्रभार १० सेंटिमीटरवर ठेवा. बल येते सुमारे ०.९ न्यूटन, म्हणजे साधारण ९० ग्रॅम वजनाइतके. अंतर २० सेंटिमीटर केले, तर ०.२२५ न्यूटन.

नाव कूलॉम यांचेच का?
इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हा नियम आधीच तपासला होता, पण प्रसिद्ध केला नाही. त्यांची टिपणे छापली गेली थेट १८७९ मध्ये. कूलॉम यांनी मात्र आपली मोजमापे अकादमीपुढे मांडली.

फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये अकादमीच बंद झाली आणि ते ब्ल्वाजवळच्या घरी राहायला गेले. पुढे पॅरिसला परतले. तिथेच २३ ऑगस्ट १८०६ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ पासून विद्युतप्रभाराच्या एककाला त्यांचे नाव आहे.