जॉर्ज सायमन ओहम

जर्मनीतील एरलांगेन या गावी कुलपे घडविणारा एक कारागीर राहत असे. त्याचे शालेय शिक्षण झाले नव्हते. पण स्वप्रयत्नाने त्याने गणित व शास्त्र आत्मसात केले आणि ते आपल्या मुलांनाही शिकविले. १७८९ साली जन्मलेला जॉर्ज सायमन ओहम हा त्याचाच पुत्र. गणिताची आवड आणि हाताचे कसब, या दोन देणग्या त्याला वडिलांकडून लाभल्या.

पुढे ओहम कोलोन शहरातील एका विद्यालयात शिक्षक झाला. अध्यापनातून वेळ मिळाला, की तो तेथील प्रयोगशाळेत रमून जाई. धातूंतून वीज वाहते, हे त्या काळी ठाऊक होते. परंतु तार तिला किती अडविते, याचा नेमका नियम कोणी सांगितला नव्हता. ओहमने तांबे, सोने, जस्त, लोखंड, शिसे इत्यादी धातूंच्या सारख्या जाडीच्या तारा घेऊन त्यांची तुलना केली. तांब्याच्या लांब तारेइतकाच अडथळा शिशाची सुमारे एक दशांश लांबीची तारही करी!

पण त्या काळच्या विद्युत्‌घटाचा जोर घटकेघटकेला बदले आणि मोजमाप फसे. ओहम निराश झाला नाही. त्याने बिस्मथ व तांबे यांचा जोड घेतला. जोडाचे एक टोक उकळत्या पाण्याने तापविले, दुसरे बर्फाने गार ठेवले. त्यातून एकसारखा प्रवाह मिळू लागला. टांगलेली चुंबकसूची किती वळते, यावरून तो प्रवाह मोजता आला. तारेची लांबी वाढली, की प्रवाह ठरावीक प्रमाणात घटतो, हे १८२६ साली सिद्ध झाले.

१८२७ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्याला आशा होती. परंतु विद्वानांनी ग्रंथाची उपेक्षा केली. ओहमने कोलोनची नोकरी सोडली व कित्येक वर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढली. अखेर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. म्युनिकच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद त्याला लाभले, तेव्हा १८५२ साल उजाडले होते. दोनच वर्षांनी तो निवर्तला.

१८८१ साली पॅरिस येथील परिषदेने विद्युत्‌रोधाच्या एककाला ओहमचे नाव दिले. आज कामठी तालुक्यातील कोराडीच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या तारा असोत, की शाळेतील प्रयोगाची तार असो, तिचा रोध ओहममध्येच मोजतात. ज्याला जगाने दीर्घकाळ ओळखले नाही, त्याचे नाव आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या मुखी आहे.